टँडमला टायर किती रुंद? २८, ३२, ३५ की त्याहून जाड?

घाटवाट

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नवरा-बायको बरीच वर्षं आपापल्या सायकली चालवतो. आता वापरलेली पण चांगल्या स्थितीतली एक टँडम (दोघांनी मागे-पुढे बसून चालवायची सायकल) घेतली आहे. चाकं ७००सी, मागे-पुढे ४० स्पोक, रिमची आतली रुंदी १९ मिमी. दोन्हीकडे रिमवर दाबणारे व्ही ब्रेक, डिस्क नाही. सध्या २८ मिमी रुंदीचे गुळगुळीत रोड टायर आहेत आणि दोन्ही झिजत आलेत.

वजनाचा हिशेब: मी ७८, बायको ६२, सायकल १९, सामान साधारण ८. एकूण १६७ किलो.

जानेवारीत पुणे, वाई, पसरणी घाट, महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर, मग खेड, दापोली, दाभोळची फेरीबोट, गुहागर, तवसाळ-जयगड आणि गणपतीपुळे असा बेत आहे. त्याआधी टायर बदलायचे आहेत. एका दुकानदाराने २८ च ठेवा म्हटलं, दुसऱ्याने ३२ सांगितले, तिसरा म्हणाला सरळ ४२ टाका आणि विसरून जा. कारण कुणीच नीट सांगितलं नाही. एकट्याच्या सायकलचा अनुभव इथे कितपत चालतो? टँडम चालवणाऱ्यांनी आणि चाकांतल्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

ब्रेव्हे

टँडम घेतल्याबद्दल दोघांचं अभिनंदन!

माझं मत ३२ ला. सपाटीवर टँडम ही वेगाची सायकल आहे. दोघांची ताकद आणि वाऱ्याला अडणारं अंग जवळजवळ एकाचंच, त्यामुळे जमलेली जोडी ताशी ३० च्या वर आरामात राहते. त्या वेगाला जड, कडक टायर लावला की सायकलचा जीवच जातो. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला टँडमचा गट वेगळा सुटतो. १२०० किमी, नव्वद तासांची मुदत. तिथे रस्ता चांगला असल्यामुळे २८ आणि ३२ वाल्या जोड्या असतात. आपल्याकडे २८ जरा धाडसाचं होईल हे मान्य. पण ३२ चा चांगला, मऊ अंगाचा टायर घ्या. ४२ चा टूरिंग टायर टाकून पसरणी चढायची म्हणजे वहिनींवर अन्याय होईल.

आरेवाला

घाटवाट, तुम्ही वजन लिहिलंत हे फार बरं केलंत. लोक रस्त्यापासून सुरुवात करतात. टँडममध्ये सुरुवात वजनापासून करायची, रस्ता त्यानंतर.

मी चाकं बांधतो, त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे.

एकट्याच्या सायकलवर भार सारखा वाटला जात नाही. पुढच्या चाकावर साधारण ४० ते ४५ टक्के, बाकी मागे. टँडमवर दोघं दोन चाकांच्या मधोमध येतात, म्हणून भार जवळजवळ निम्मा-निम्मा होतो. तुमच्या बाबतीत प्रत्येक चाकावर ८३ किलोच्या आसपास. ८० किलोचा माणूस १० किलोच्या सायकलवर बसला तर त्याच्या मागच्या चाकावर जेमतेम ५० ते ५४ किलो येतात. म्हणजे तुमचं पुढचं चाकसुद्धा त्याच्या मागच्या चाकापेक्षा दीडपट भार उचलतंय. एकट्याच्या सायकलवर पुढे कमी हवा चालते, ही सवय इथे सोडून द्या.

आता दाब. फ्रँक बर्टो या अमेरिकी अभ्यासकाने टायर भाराखाली किती बसतो हे मोजून एक तक्ता केला होता. सायकलवर बसल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्क्यांनी कमी व्हावी, तेवढी हवा योग्य, असा त्याचा ठोकताळा. ८३ किलोच्या चाकाला त्या हिशेबाने ढोबळमानाने काय लागतं बघा. २८ ला सुमारे १३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), ३२ ला ११०, ३५ ला ९५, ३८ ला ८० च्या जरा वर, ४२ ला ७०, ४७ ला ५७-५८.

हे आकडे तंतोतंत धरू नका. टायरचं अंग किती जाड, रिम किती रुंद, यावर पाच-दहा पीएसआय इकडेतिकडे होतात. पण चित्र स्पष्ट आहे. रुंदी थोडी वाढली की लागणारा दाब झपाट्याने उतरतो.

आता तुमच्या २८ च्या टायरच्या बाजूला छापलेला कमाल दाब वाचा. बहुतेक टायरवर तो १३५ पेक्षा खालीच असतो. म्हणजे तुमच्या वजनाला तो टायर कमाल दाबाला नेऊनही कमी फुगलेलाच राहणार. खड्ड्यात ट्यूब रिम आणि दगडात चेमटली की शेजारी शेजारी दोन भोकं, हे ठरलेलं. ३२ काठावर आहे. ३५ ला जो दाब हवा तो टायर सहन करतो, रिम सहन करते, आणि साध्या फूटपंपाने भरताही येतो. माझं उत्तर ३५ ते ३८. का, ते वरच्या आकड्यांतच आहे.

घाटवाट

खूप खूप धन्यवाद. २८ चा कमाल दाब बघितला, १२० आहे. आणि मी १०० भरत होतो.

एक शंका. रुंद टायरमध्ये जास्त हवा भरली तर चालेल ना? म्हणजे ४२ टाकून ९५-१०० ठेवला, तर चेमटण्याचा प्रश्नही नाही आणि वेगही राहील?

आरेवाला

नाही, हे कृपया करू नका. टायरच्या अंगावर आणि रिमच्या कडांवर येणारा ताण हा दाब गुणिले टायरची त्रिज्या असा वाढतो. २८ मध्ये १२० म्हणजे १४ गुणिले १२०, सोळाशे ऐंशी. ४२ मध्ये १०० म्हणजे २१ गुणिले १००, एकवीसशे. गेजवर आकडा कमी दिसतो, पण रिमच्या भिंती बाहेर फाकवणारा जोर पंचवीस टक्के जास्त! त्यातून तुमचे ब्रेक रिमवरचे. ब्रेकच्या गोट्यांनी रिमची भिंत बाहेरून घासत वर्षागणिक पातळ होते. अशी रिम उतारावर उभी फाटते. म्हणून रुंद टायरवर छापलेला कमाल दाब कमी असतो आणि तो पाळायचाच.

वापरलेली टँडम आहे, तर आधी रिमच्या बाजूवर स्टीलची पट्टी आडवी धरून बघा. मध्ये खोलगट खळगा दिसला तर टायरआधी रिम बदलायची.

आणखी एक, पुढे कधी नवी चाकं घेतलीत तर लक्षात ठेवा. हल्ली टायर धरून ठेवणारी आतली वळवलेली कड (हुक) नसलेल्या, म्हणजे हुकलेस रिम आल्यात. त्यांना कमाल ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयची मर्यादा आहे. वरचे आकडे परत बघा. तुमच्या वजनाला तिथे ४२ च्या खाली काहीच बसत नाही. टँडमला हुक असलेली रिमच घ्या.

मागचीसीट

धागा वाचून घेतला (स्क्रीन रीडरवर), राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मला दिसत नाही. पुण्यात टँडमवर मागे बसून सायकल चालवते. इथे अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशनसारख्या संस्थेमुळे दृष्टिहीन आणि डोळस जोडीने चालवू लागले, तेव्हापासून टँडम हा शब्द पुष्कळांना कळायला लागला. पण टायरबद्दल बोलताना सगळे पुढे बसणाऱ्याच्या हाताला काय जाणवतं तेवढंच बोलतात.

मागे बसणाऱ्याचं जरा सांगते. मागच्याची बैठक मागच्या चाकाच्या अगदी पुढे असते, त्यामुळे मागच्या चाकाला बसलेला प्रत्येक हादरा थेट कण्यात येतो. एकट्या सायकलवर माणूस खड्डा बघतो, पाय जरासे उचलतो, धक्का गुडघ्यांत जातो. मला दिसत नाही म्हणून नाही, डोळस मागच्यालासुद्धा समोर पाठच दिसते. पुढच्याने "खड्डा" म्हणेपर्यंत पुढचं चाक त्यात गेलेलं असतं. शिवाय टँडम इतकी लांब आहे की पुढच्याने वळवून वाचवलेला खड्डा मागचं चाक बऱ्याचदा गाठतंच.

२८ आणि ३५ दोन्हींवर बसले आहे. फरक वेगात मला कळला नाही. फरक कळला तो संध्याकाळी, पाठीत आणि तळहातांत. २८ वर मी सतत अंग आखडून बसायचे, पुढच्या हादऱ्याची वाट बघत. आखडलेल्या अंगाने पेडल गोल फिरत नाही. मागच्याची ताकद हवी असेल, तर त्याला सैल बसता आलं पाहिजे.

घाटवाटदादा, टायर ठरवताना वहिनींना विचारा. त्यांच्या पाठीचं मत अर्ध्याहून जास्त धरा.

ब्रेव्हे

मागचीसीट, फार मोलाचं लिहिलंत. हे कुठल्याच तक्त्यात मिळत नाही.

माझा मुद्दा थोडा स्पष्ट करतो, कारण मला अरुंद टायरचा हट्ट नाही. मला कडक टायरचा विरोध आहे. जाड रबराचे, आत पंक्चररोधक पट्टा असलेले ३५ चे टूरिंग टायर आणि पातळ अंगाचे ३५ चे टायर यांच्यात जो फरक आहे, तो ३२ आणि ३५ मधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. रस्त्यावर टायर फिरताना त्याचं अंग सतत वाकतं आणि सरळ होतं, आणि त्या वाकण्यात ताकद जाते. जाड अंग वाकवायला जास्त ताकद. दोन टायर सारखेच बसलेले असले, तर रुंदीने फारसं बिघडत नाही. अंगाने बिघडतं.

वजनाचा बाऊ मात्र मीही करणार नाही. २८ वरून ३५ वर गेलात तर दोन्ही टायर मिळून दोन-तीनशे ग्रॅम वाढतील. १६७ किलोत ते कुठे शोधणार?

तेव्हा ३५ ला माझीही हरकत नाही, फक्त तो रबराचा ठोकळा नसावा.

आरेवाला

ब्रेव्हेंशी शंभर टक्के सहमत. एवढंच जोडतो, की कोकणात जायचंय तर पुढे-मागे एकच टायर हवा असं नाही. मागचा टायर टँडमवर पुढच्यापेक्षा कितीतरी लवकर झिजतो आणि पंक्चरही तिथेच जास्त. मागे जरा जाड, पट्ट्याचा. पुढे मऊ चालेल, पण पुढचा नेहमी चांगल्या स्थितीतला असावा. मागचा टायर बसला तर सायकल डुलते, सावरून थांबता येतं. पुढचा बसला तर दोघं पडतात. म्हणून दोन्हीकडे एकाच प्रकारचे टायर असतील, तर नवा टायर आला की तो पुढे आणि पुढचा मागे, ही पद्धत ठेवा.

युट्रेख्तकर

नेदरलँड्समधून लिहितोय. इथे टँडम नवलाईची नाही. भाड्यानेही मिळते आणि आजी-आजोबा घेऊन फिरतात. बहुतेकांवर ४० ते ४७ रुंदीचे टायर. इथले रस्ते सपाट आणि डांबरी, मग एवढे जाड का, असं मलाही वाटायचं. पण जुन्या गावांमधून विटांचे रस्ते आहेत आणि त्यावर दोघांचं वजन घेऊन जायला ४७ फार सुखाचे. चढ नाहीत त्यामुळे कुणाला घाई नाही. तुमच्या घाटांना ते जड होतील का, हे इथे बसून मी सांगणार नाही.

पण एक गोष्ट सांगतो, कारण भारतात मित्रांना टायर घेताना अडताना बघितलंय. टायर विकत घेताना ७००x३५ किंवा २८ इंच यावर जाऊ नका. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ३५-६२२ असा आकडा असतो, तोच बघा. पहिला रुंदी, दुसरा टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. तुमच्या ७००सी रिमला ६२२ च हवा. आपल्याकडच्या काळ्या रोडस्टरला २८ x १½ टायर लागतो. नाव २८ इंच, पण तो ६३५ चा! इथल्या जुन्या डच सायकलींवरही तोच आहे. आणि बाजारात ७००सी ला सुद्धा २८ इंच म्हणतात. १३ मिलिमीटरचा फरक आहे. तो टायर तुमच्या रिमवर सैल बसेल आणि हवा भरताच बाहेर येईल. गावातल्या दुकानातून घाईत घेताना हे फार लागतं.

सावित्री

कुणी उताराचं बोललं नाही म्हणून लिहिते. बेतात आंबेनळी आहे आणि ब्रेक रिमवरचे आहेत, तर टायरच्या रुंदीइतकाच हा प्रश्न मोठा आहे. खरं तर दोन्ही एकाच प्रश्नाचे भाग आहेत.

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, पोलादपूर खाली सावित्रीकाठी. उतरायची उंची १२०० मीटरहून जास्त. १६७ किलो वजन तेवढं खाली आणताना सुमारे १९ ते २० लाख जूल ऊर्जा कुठेतरी जाणार. साडेसहा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला एवढी ऊर्जा लागते. त्यातली काही वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते. पण वळणं आणि समोरून येणाऱ्या गाड्यांमुळे वेग ताशी २० वर धरून ठेवलात, तर वारा फारसं काही घेत नाही, जवळजवळ सगळं दोन रिममध्ये. पाच टक्के उतारावर या वेगाला रिममध्ये साधारण ४०० वॉट सतत ओतले जातात. एकट्या माणसाला तेच दोनशेच्या आसपास, आणि त्याच्याकडेही रिम दोनच. रिमची संख्या सारखी, उष्णता दुप्पट. टँडमचा सगळा त्रास इथे आहे.

याचा टायरशी संबंध कसा? रिम तापली की ट्यूबमधली हवा तापते. ३० अंशांवर भरलेली हवा ९० अंशांवर गेली असं धरा. २८ मध्ये १३५ ची १६० च्या पुढे जाते. ३५ मध्ये ९५ ची ११७ होते. ४२ मध्ये ७० ची ८७. टायरची रिमवरची पकड गरम झाल्यावर सैल पडते ती वेगळीच. रुंद टायर असला की मुळात कमी दाबाने निघता, त्यामुळे तापल्यावरही टायरच्या मर्यादेच्या फार पुढे जात नाही. घाटातल्या टँडमसाठी रुंद टायर घेण्याचं माझ्या मते हे सर्वांत मोठं कारण आहे, आरामापेक्षाही.

आणखी दोन गोष्टी. रिमच्या आत प्लॅस्टिकची पट्टी असेल तर काढून कापडी रिम टेप लावा. प्लॅस्टिक तापून मऊ होतं आणि ट्यूब स्पोकच्या भोकात शिरून फुटते. दुसरं, पूर्वी टँडमवाले यासाठी मागे तिसरा ब्रेक लावायचे. जपानच्या अराई कंपनीचा ड्रम ब्रेक त्यासाठी प्रसिद्ध होता. आता तो बनत नाही, जुना मिळाला तर मिळाला. तुमच्या मागच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) आटे असतील, तर शोधण्यासारखा आहे. नसेल तर उतरताना सतत ब्रेक दाबून धरू नका. सरळ रस्त्यावर सोडा, वळणाआधी दोन्ही जोरात, परत सोडा. प्रतापगडाच्या पायथ्याशी वाडा कुंभरोशीला थांबायचंच. रिम हाताने चाचपू नका, भाजेल. पाण्याचा थेंब टाका, चुरचुरला तर अजून थांबा.

घाटवाट

सावित्रीताई, हा प्रतिसाद छापून सायकलजवळ लावतोय. कापडी टेपचं माझ्या डोक्यातच नव्हतं. मागचा हब बघितला, डाव्या बाजूला आटे आहेत! ड्रम ब्रेकची चौकशी सुरू केली आहे.

दापोलीकर

घाटवाट, तुमच्या वाटेवरच राहतो म्हणून रस्त्याचं सांगतो.

हायवे सोडून दापोलीकडे वळलात की रस्ता एकसारखा नाही. एक गाव गुळगुळीत, पुढच्या गावात डांबर उखडून खडी वर आलेली, बाजूला जांभ्याचा लाल मुरूम. गाडी आली की खाली उतरावं लागतं आणि डांबराची कड चांगली चार बोटं उंच असते. त्या कडेवरून परत वर चढताना अरुंद टायर घसरतो. टँडम लांब, एकदम वळवून काटकोनात कड चढता येत नाही, तिरकीच चढते. तिथे ३५ पाहिजेच. ३८ बसत असेल तर ३८ घ्या.

आणि आमच्याकडे प्रत्येक खाडीनंतर उभा चढ. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलात की लगेच चढ सुरू. तवसाळहून जयगडला उतरलात की तेच. चढावर दोघं उभे राहून रेटायला लागले की मागचं चाक मुरमावर गरगरतं. रुंद टायरने थोडी हवा कमी ठेवली की धरून ठेवतं.

आता सामान. इकडे पंक्चरवाला प्रत्येक बाजारपेठेत आहे, पण त्याच्याकडे ७००सी चा टायर नसतो. रत्नागिरी, चिपळूणसारख्या ठिकाणी मिळाला तर हायब्रिड सायकलचा ७००x३५ मिळेल, कारण हल्ली बऱ्याच हायब्रिडवर तोच येतो. २८ किंवा ३२ चा चांगला टायर शोधत बसाल. ३५ घेण्याचं हेही एक कारण धरा. ट्यूब मात्र स्वतःच्या तीन-चार घ्या आणि पंप तुमच्या वॉल्व्हला बसणारा. इथला पंप तुमच्या बारीक वॉल्व्हला बसणार नाही.

घाटवाट

काल फ्रेम मोजली. टायर जिथे सर्वांत रुंद येतो, तिथे पुढच्या चिमट्याच्या दोन पायांमधलं अंतर ४७ मिमी, मागे ५० मिमी. ब्रेकचे हात रुंद टायरला आडवे येत नाहीत. मडगार्ड नाहीत, पण पुढच्या पावसाळ्यात लावायचे आहेत. ३८ बसेल का?

आरेवाला

पुढे ३८ टाकलात तर दोन्ही बाजूंना साडेचार मिमी उरतात. नवीन, सरळ चाकाला पुरतील. पण टँडमवर एखादा स्पोक तुटला की चाक लगेच आउट, म्हणजे वाकडं होतं आणि टायर चिमट्याला घासायला लागतो. मग पोलादपूर अजून पंधरा किमी असताना सायकल ढकलत न्यावी लागते. मी टँडमला प्रत्येक बाजूला किमान पाच मिमी ठेवतो, सहा असतील तर उत्तम. ३५ वर तुम्हाला बरोब्बर सहा मिळतात. मडगार्ड लावलेत तरी ३५ निभेल, ३८ ला दाटी होईल.

आणि छापील रुंदीवर विसंबू नका. टायर रिमवर चढवून, पूर्ण दाब भरून, एक रात्र ठेवून मग कॅलिपरने मोजा. रिमची आतली रुंदी एक मिमी वाढली की टायर साधारण ०.४ मिमी फुगतो. शिवाय कंपनीगणिक छापील ३५ चे खरे ३४ ही भरतात आणि ३७ ही.

माझा सल्ला: दोन्हीकडे ३५. मागे पट्ट्याचा, पुढे जरा मऊ. दोन्ही टायरचा छापील कमाल दाब ९५ किंवा वर असला पाहिजे, हे दुकानातच वाचून घ्या. काही ३५ च्या टायरवर तो ७५ किंवा ८५ च असतो, ते तुमच्या वजनाला घेऊ नका. कंपन्या टायरचा कमाल भार किलोतही देतात, तोही बघा. सामानासह ८३ च्या वर भरपूर जागा हवी.

सुरुवात ९२-९५ ने करा. मग दोघं बसून, भिंतीला टेकून, तिसऱ्याला टायर किती बसतो ते बघायला सांगा. थोडासा पोट काढलेला दिसला पाहिजे. अजिबात दिसला नाही तर पाच कमी करा. खाडीकाठच्या खराब तुकड्यावर ८५ चालेल, पण आंबेनळी उतरताना आणि हायवेवर परत भरा.

ब्रेव्हे

पंपाबद्दल एक. छोट्या हातपंपाने ९५ पर्यंत जाणं कष्टाचं आहे. गेज असलेला, जमिनीवर टेकवून मारायचा छोटा पंप घ्या. दोघं आहात, वजनाचा प्रश्न नाही. आणि घडी होणारा एक ३२ चा टायर बॅगेत टाका. तो अडचणीपुरता मागे-पुढे कुठेही चालतो आणि ३५ पेक्षा लहान घडी होते.

मागचीसीट

आणि वहिनी काय म्हणाल्या?

घाटवाट

वहिनी म्हणाल्या, "३५, आणि तू खड्डा लवकर सांग." 😊

टायर आणले, दोन्ही ३५-६२२. चढवून, एक रात्र ठेवून मोजले. पुढचा ३४.५ भरला, मागचा ३६. कापडी टेप लावला. रिमच्या बाजूला पट्टी धरून पाहिली, पुढची चांगली आहे, मागची जराशी खोलगट वाटते. आरेवाला, मागची रिम अजून एक सहल काढेल का?

आरेवाला

"जराशी" असं असेल तर फोटो टाका, पट्टी आणि रिममधली फट दिसेल असा. बऱ्याच रिमवर झीज कळण्यासाठी बारीक खाच किंवा ठिपके कोरलेले असतात. ते पुसट झाले असतील तर मी एकही घाट काढू देणार नाही. त्या चाकावर दोघांचा भार येणार आहे आणि उतारावर ते तापणारही आहे. ४० भोकांची रिम मागवायला वेळ लागतो, तेव्हा फोटो आजच टाका. स्पोक आणि हब तेच वापरून नवी रिम बांधता येईल. नव्या रिमची आतली रुंदी १९ च्या आसपासच घ्या, म्हणजे टायर तेच राहतील.

घाटवाट

फोटो टाकला आहे. खाच जवळजवळ दिसत नाही.

आरेवाला

बघितला. रिम बदला. ती येईपर्यंत सपाटीवर हळूहळू चालवा, सिंहगडाकडेही नको. नवी रिम बांधून झाली की पहिल्या शंभर-दीडशे किमीनंतर एकदा आउट काढून घ्या. नव्या रिममध्ये स्पोक-निपल बसतात तेव्हा ताण थोडा उतरतो, आणि टँडमच्या भाराला तो लगेच उतरतो. जानेवारीला अजून अवकाश आहे, होईल सगळं.

दापोलीकर

आणि दाभोळला फेरीबोटीवर चढवताना ओहोटी असेल तर उतारावर शेवाळ असतं. पिशव्या आधी उतरवा, मग दोघांनी दोन टोकांना धरून टँडम न्या. चालवत नेऊ नका, टायर कितीही रुंद असला तरी.